डायलकडे बघायचं नाही

६ जानेवारी, सोमवार

लॅबमधल्या कुठल्याही यंत्राला हात लावला की वहीत लिहायचं: काय केलं, का केलं, कोणी केलं. हा ह्यांचा नियम. नव्या लॅपटॉपसाठी वेगळी वही कर, असं हे सकाळी म्हणाले, म्हणून एका व्हॉल्व्हवाल्या कंपनीने दिलेली गेल्या वर्षीची कोरी डायरी काढली. वार चुकीचे छापलेत, ते खोडून घेईन. जाड पुठ्ठ्याची आहे, टाकवत नव्हती. माझ्या वह्या हे कधी उघडत नाहीत, त्यामुळे मनात येईल तेही लिहिणार आहे.

पहिल्या पानावर माणसांची नावं लागतात. मी दमयंती गव्हाणे, हे चंद्रभान गव्हाणे, आणि जवळच्या पाम गावचा प्रदीप, जो अकरा वर्षं आमच्याकडे आहे. बोईसरच्या एमआयडीसीतला आमचा गाळा म्हणजे आमची लॅब. कारखान्यांची प्रेशर गेज वर्षातून एकदा आमच्याकडे येतात, ती खरं दाखवतात की खोटं हे आम्ही तपासतो आणि दाखला देतो. आणणं-पोचवणं प्रदीपकडे, तपासणं आम्हा दोघांकडे.

आता रडगाणं. नाताळात जुना कॉम्प्युटर मेला. दाखले काढायची प्रणाली ह्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिली, ती फक्त लिनक्सवर चालते. कीर्तीने पुण्याहून विंडोजचा लॅपटॉप पाठवला. आमची लेक, पण बापाच्या लिनक्सवर तिचा राग आहे. मग स्टेशनजवळच्या दुकानदाराने जुनं लिनक्स उचलून ह्या लॅपटॉपच्या पोटात बसवून दिलं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. कॉम्प्युटरात कॉम्प्युटर. उघडलं की मोठ्या पडद्याच्या मध्ये एक लहानशी विंडो दिसते, आठशे बाय सहाशेची, ताणली तरी वाढत नाही. माऊस आत गेला की उजवं कंट्रोल दाबेपर्यंत बाहेर येत नाही. आतलं काही बाहेर नेता येत नाही आणि बाहेरचं आत. प्रिंटर बाहेर, मेल बाहेर, दाखले आत.

ह्यावर उपाय म्हणजे ‘गेस्ट ॲडिशन्स’ टाकायचं. आतला पाहुणा, बाहेरचा यजमान, आणि दोघांचं एकमेकांशी पटावं म्हणून हे मधलं सामान. दुकानदार टाकून देणार होता, तो गावी लग्नाला गेला. हे म्हणाले, “तू टाक.” मी म्हटलं, प्रणाली तुमची, लिनक्स तुमचं, आणि मी? “तूच. मी सांगतो, तू कर.”

१२ फेब्रुवारीला आमच्या सगळ्यात मोठ्या कंपनीची माणसं लॅब बघायला येणार आहेत. तोवर दाखले सरळ प्रणालीतून निघाले पाहिजेत, नाहीतर ते काम वापीला नेतील, असं त्यांच्या जितेशने स्वच्छ सांगितलंय. त्यांचं काम गेलं तर लॅबही गेलीच म्हणायची.

९ जानेवारी, गुरुवार

काय केलं: वरच्या मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घातली. सीडी कुठेही नाही, तरी ‘घाल’ म्हणायचं. आतल्या विंडोत सीडीचं चित्र उमटलं, ते चालवलं, पासवर्ड दिला. काळ्या चौकटीत ओळी धावल्या आणि शेवटी काहीतरी सापडलं नाही म्हणून थांबल्या.

हे शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून. “काय लिहिलंय, वाच.”

“तुम्हीच वाचा ना. हाताच्या अंतरावर आहे.”

“तू वाच, म्हणजे तुला सवय होईल.”

वाचलं. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर्स नाहीत म्हणे. हे म्हणाले, आज राहू दे. ह्यांच्या डाव्या हाताला चहा ठेवला होता, उठताना त्याला कोपर लागलं आणि सगळा चहा कीबोर्डच्या काठापर्यंत आला. बरं, माझ्यावरच ओरडले, तिथे कशाला ठेवलास म्हणून! एकोणीस वर्षं तिथेच ठेवतेय.

तोवर दाखले हातानेच. लहान विंडोतले आकडे बघायचे आणि बाहेर टंकायचे. कंबरेचा काटा ढिला झाला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन ह्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले, हात पुढे केला. हे समोर बघत बसलेले. “तिळगूळ घ्या,” म्हटलं, तर “हो, दे,” म्हणाले आणि हात भलतीकडेच पुढे केला. हातावर तिळगूळ देतानाही तोंड वळवायचं नाही, असा राग! मी लाडू टेबलावर ठेवला आणि आत गेले. बाहेर आले तर हे टेबलावर हात फिरवत होते.

कारण मला ठाऊक आहे. दिवाळीत मी बोलून गेले की आता पुरे, लॅब बंद करू आणि कीर्तीकडे पुण्याला जाऊ. तेव्हापासून हे बाजूला उभं राहिलेल्या मला जुमानत नाहीत. समोर गेले तर बोलतात, बाजूने बोलले तर दचकतात.

दुपारी पालघरला गेले. एक मंगळवार आड जातात, कुणी स्प्रिंगवाला आहे म्हणे तिथे. आजवर एक स्प्रिंग आणलेली मी पाहिली नाही. आणि स्कूटर आता प्रदीप चालवतो. स्वतः मागे बसतात, गुडघा दुखतो म्हणून. चालताना तर कधी लंगडले नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

वहीत लिहायचं कारण नाही, पण लिहिते. आज हे म्हणाले, केळव्याला जाऊ. आठ-नऊ वर्षांत कधी नाव काढलं नव्हतं. मुंबईकरांची गर्दी, घोडागाडी, भज्यांचे गाडे. सुरूच्या झाडांखाली उभे राहिले आणि समुद्राकडे बघत बसले. बघणं म्हणजे कसं, तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश मान फिरवायची आणि पुन्हा परत. टेबलफॅनसारखी. मी हसले, म्हटलं, वारा तुम्ही घालताय का?

“केवढा मोठा असतो नाही,” म्हणाले. समुद्र मोठा असतो हे सांगायला एवढ्या लांब आणलं मला! वाळूत एकाच्या पोराला धडकले, त्याच्या हातातला बर्फाचा गोळा पडला. नवीन घेऊन दिला. परतताना माझा दंड धरून चालले. लोकांत असं कधी धरत नाहीत, मला लाजल्यासारखं झालं. छानही वाटलं, ते खोटं का लिहू.

२२ जानेवारी, बुधवार

काय केलं: हेडर्स टाकले. आज हे खुशीत होते.

कॉपी-पेस्ट चालत नाही, त्यामुळे आज्ञा अक्षर अक्षर टंकावी लागते. हे डोळे मिटून सांगत होते, मी टंकत होते. “सुडो. जागा. एपीटी. जागा. इन्स्टॉल. जागा. लिनक्स, उणे, हेडर्स, उणे. आता डॉलर. कंस सुरू. यूनेम, जागा, उणे आर. कंस बंद.” काय स्मरणशक्ती आहे! कागद नाही, मोबाईल नाही. मी दोनदा चुकले, दोन्ही वेळा आवाजावरून ओळखलं. “जागा दिली नाहीस. स्पेसची कळ जाड वाजते.”

आमचं गेज तपासणंही असंच चालतं. हे गेजवर दाब आणणारी वजनं चढवतात, डायलवरचा काटा बघून मोठ्याने आकडा सांगतात, मी पाठमोरी बसून लिहिते. पाच आकडे चढताना, पाच उतरताना. वाचणाऱ्याने वहीकडे बघायचं नाही आणि लिहिणाऱ्याने डायलकडे बघायचं नाही. नाहीतर मन आकड्याला ओढतं आणि माणूस हवं ते वाचतो किंवा हवं ते लिहितो. लग्नानंतर सासूने सांगितलेले नियम मी एकूण एक मोडले. हा मात्र एकदाही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

काय केलं: पुन्हा सीडी, पुन्हा पासवर्ड. ह्या वेळी शेवटपर्यंत गेलं. मशीन बंद करून चालू केलं. विंडो लहान ती लहानच. हे म्हणाले, हेडर्ससोबत कर्नलही नवा आला असेल, त्याच्यासाठी परत टाकावं लागेल. “मरो ती विंडो, लहान तर लहान,” म्हटलं मी. “मला तशीही लहानच बरी वाटते,” म्हणाले. मग माझे हात का मोडून घेताय?

जितेशच्या कंपनीची सोळा गेज तपासली. चार नापास. एकदम चार कधी झाली नव्हती. मी लिहिण्यात चुकले असेन, म्हणून वही तीनदा पाहिली. आकडे ह्यांनी सांगितले तेच आहेत. “परत घ्यायची का?” विचारलं. हे म्हणाले, “कशाला? जे दिसलं ते सांगितलं.” ह्यांच्या डोळ्यावर मी शंका घेतेय असं वाटलं असेल. मी वही मिटली. ह्यांची नजर म्हणजे आमच्या लॅबचं मुख्य यंत्र, असं पूर्वी जितेशच म्हणायचा.

२८ जानेवारी, मंगळवार

फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्यामागे एक लहान बाटली सापडली, डोळ्यात घालायच्या थेंबांची. विचारलं तर म्हणाले, एमआयडीसीची धूळ. धुळीचं औषध फ्रिजमध्ये का ठेवायचं, कोण जाणे. आज पुन्हा पालघर. स्प्रिंग नाहीच.

१ फेब्रुवारी, शनिवार

झालं!

काय केलं: तिसऱ्यांदा टाकलं, मशीन चालू केलं आणि मी नुसता कोपरा धरून ओढला. विंडो वाढली. ओढत गेले तशी वाढत गेली. मग उजवं कंट्रोल आणि एफ दाबलं, तर सगळा पडदा भरून लिनक्स! माऊस आपोआप आत-बाहेर. मोबाईलवरच्या आज्ञा आता मेलने घेऊन चिकटवताही येतात. मी खुर्चीतून उठून ओरडलेच, “अहो, झालं! भरली बघा, सगळी भरली!” चौपन्न वर्षांची बाई, टाळ्या पिटत होते.

आणि हे? स्क्रीनकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझ्याकडेच तोंड करून बसलेले. “तिकडे बघा ना,” म्हटलं. “हो, छान झालं,” म्हणाले आणि परत माझ्याकडे. जवळजवळ महिनाभर मान मोडून केलेल्या कामाकडे एक नजर टाकायला काय जात होतं? मला फार लागलं. न जेवताच भांडी घासून ठेवली.

३ फेब्रुवारी, सोमवार

काय केलं: दोघांच्या मधलं सामायिक फोल्डर केलं. आधी दार दिसायचं पण उघडायचं नाही, ‘तुम्हाला परवानगी नाही’. ह्यांनी सांगितलं, आपलं नाव एका गटात घालावं लागतं. घातलं, बाहेर पडून परत आत गेले, उघडलं. आतल्या प्रणालीतून सोळा दाखले काढले, त्या फोल्डरात टाकले आणि ते बाहेर विंडोजमध्ये दिसले. एकेक बघताना पोरं शाळेतून घरी आल्यासारखं वाटलं. सोळाही मेलने पाठवले. बारा पास, चार नापास.

आता १२ तारखेची धाकधूक नाही. संध्याकाळी शिरा केला.

५ फेब्रुवारी, बुधवार

जितेशचा फोन. नेहमी ‘काकी’ म्हणतो, आज ‘मॅडम’ म्हणाला.

“मॅडम, ती चार गेज आम्ही दुसरीकडे चेक केली. चारही ओके आहेत. त्यांच्यासाठी आम्ही लाइन थांबवली होती एक शिफ्ट. तुमच्याकडून हे एक्स्पेक्ट नव्हतं.”

मी म्हटलं, माझ्या लिहिण्यात काही झालं असेल, बघते. तो म्हणाला, “काय झालं ते फॉर्ममध्ये लिहून द्या. मूळ कारण लिहा. मग वर ठरवतील, तुमच्याकडे काम ठेवायचं की नाही.”

ह्यांना सांगितलं नाही. दुपारी दुसऱ्या एका कारखान्याचं गेज लावलेलं होतं, शून्य ते दहाचं. हे वजनं चढवत होते, मी पाठमोरी. “दोन.” लिहिलं. “चार पूर्णांक एक.” लिहिलं. तिसऱ्या आकड्याला मी मान वळवली.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा डायलकडे बघितलं. काटा बरोबर सहावर होता. केसाचाही फरक नाही. हे काचेला नाक लावून डोकं हळूहळू इकडून तिकडे नेत होते. केळव्याला नेत होते तसं. एका जागी थांबले, डोळे बारीक केले. म्हणाले, “सहा पूर्णांक दोन.”

मी सहा पूर्णांक दोन लिहिलं. हात लिहीत होता. मग मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, हातभर अंतरावर, आणि हात हलवला. बोटं नाचवली. हे आठचं वजन शोधत होते. वजन त्यांच्या समोरच होतं, जरा डावीकडे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रदीपला गाळ्यामागे गाठलं. स्प्रिंगवाला कोण, ते विचारलं. तो बुटाच्या टोकाने जमीन उकरत राहिला.

“वैनी, स्प्रिंगवाला कोन नाय. डोळ्यांचा दवाखाना हाय. आमी दिवाळीपासून जातो. साहेब बोलले, वैनीला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी काय करू? रस्त्यात बाजूची गाडी दिसत नाय त्यांना. एकदा पडता पडता वाचलो, तवापासून स्कूटर मीच घेतली.”

त्याला ठाऊक. दवाखान्यातल्यांना ठाऊक. सोबत जेवणारी, झोपणारी मी, मला गुडघा!

घरी आल्यावर फ्रिजमधली बाटली आणून ह्यांच्या समोर ठेवली. अगदी समोर. म्हटलं, किती दिसतं?

बाटली हातात घेऊन म्हणाले, “काचबिंदू आहे. कडा गेल्या. मधलं तेवढं दिसतं, पाइपातून बघावं तसं. पाइपात स्वच्छ होतं, म्हणून वाटलं, डायल तर जमेल. महिन्याभरापासून तिथेही धुकं आहे. गेलेलं परत येत नाही म्हणतात. उरलंय ते राखायचं.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू लॅब बंद करू म्हणाली असतीस. तुला सगळं करता आलं की सांगणार होतो. आता येतंय तुला.”

मी काय-काय बोलले ते लिहीत नाही. बरंच वाईट बोलले. शेवटी ते शनिवारचंही काढलं, की मी टाळ्या पिटत होते आणि तुम्ही साधं वळून बघितलं नाही.

“तू ओरडलीस तेव्हाच कळलं की झालं,” हे म्हणाले. “पण मला दोन्ही एकदम दिसत नाही गं. स्क्रीन बघितली तर तू जातेस. स्क्रीन काय, दुसऱ्या दिवशीही तशीच असणार होती.”

मला रडू आवरलं नाही. समोर बसून रडले, म्हणजे दिसावं म्हणून नाही, तिथेच बसले होते म्हणून. चहाचा कप, तिळगूळ, केळवं, सगळं ह्या वहीत मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात. पानं उलटली आणि लाज वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

नापास केलेली चार कळली. पास केलेल्यांचं काय? त्या गेजांवर बॉयलर चालतात, माणसं शेजारी उभी असतात. हा विचार मला आज आला. ह्यांना तो आधीच आला होता, त्यांचा चेहराच सांगत होता. डिसेंबरपासूनची यादी काढली, एक्केचाळीस गेज. एकेका कारखान्याला फोन केला की परत तपासायची आहेत, आमच्या खर्चाने. काहींनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं. एकाने ‘तब्येतीला जपा’ म्हटलं, दुसऱ्याने फोनच ठेवून दिला. प्रदीप सकाळपासून फेऱ्या मारतोय.

आता मी वाचते, प्रदीप पाठमोरा बसून लिहितो. हे भिंतीशी खुर्चीवर बसून आकडे ऐकतात. चौथ्या गेजाला मी उतरताना घाई केली, तर म्हणाले, “काटा थांबू दे. टिचकी मार काचेवर.” मारली. काटा थोडा सरकला. ते माझ्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते, हात मांडीवर. त्या हातांना काही काम नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तेवीस झाली. एक चुकीचं पास झालेलं निघालं, कपडे धुण्याच्या कारखान्यातलं. अजून बसवलेलं नव्हतं. प्रदीपने नमस्कार केला, कुणाला ते मी विचारलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

एक्केचाळीस पूर्ण. आज जितेशचा फॉर्म सामायिक फोल्डरातून आत लिनक्सवर घेऊन भरला. त्यात एक चौकट आहे, ‘चुकीचं मूळ कारण’.

मी ठरवून बसले होते की ‘आकडे उतरवताना दमयंती गव्हाणे यांची चूक’ असं लिहायचं. ते खोटंही म्हणता येणार नाही, महिनाभर हातानेच उतरवत होते. माझं नाव खराब झालं तर झालं. ह्यांचं नाव एमआयडीसीत सत्तावीस वर्षांचं आहे, ते का काढायचं? टंकायला घेतलं. हे शेजारी होते. कळांच्या आवाजावरून ओळखतील म्हणून हळू टंकत होते.

“काय लिहितेस?”

“कारण.”

“खोड ते. मी सांगतो, तू लिही.” डोळे मिटून घेतले. “वाचन करणाऱ्याची दृष्टी कमी झाली आहे. पूर्णविराम. त्याला हे माहीत होतं. पूर्णविराम.”

“दुसरं वाक्य नको.”

“लिहिणाऱ्याने आपल्या मनाचं घालायचं नाही. लिही.”

मी लिहिलं. पुढचंही त्यांनीच सांगितलं. चंद्रभान गव्हाणे यापुढे वाचन करणार नाहीत. वाचन दमयंती गव्हाणे करतील. आवाज एकदाही हलला नाही, आकडे सांगायचे तसाच सांगितला. ‘यापुढे’ टंकताना मीच तीनदा चुकले.

“सही करण्याआधी वाचून बघतो,” म्हणाले. लॅपटॉप त्यांच्या समोर सरकवला. पडदाभर मोठी अक्षरं. हे डावीकडून शोधत आले, ओळ सापडली, दोन शब्द वाचले, पुन्हा हरवली. मान फिरवत राहिले. मग खुर्ची मागे घेतली. “सापडत नाही गं. फार पसरलंय.”

मी उजवं कंट्रोल आणि एफ दाबलं. कोपरा धरला आणि आत ढकलत नेला, पहिल्यासारखी होईपर्यंत. आठशे बाय सहाशे. ती उचलून पडद्याच्या बरोबर मध्ये, त्यांच्या नाकासमोर आणून ठेवली. बाजूचं सगळं काळं केलं.

हे पुढे वाकले. “हां. आता दिसतंय.” एकेक ओळ मोठ्याने वाचली, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मी छापून आणलं, सहीच्या जागेखाली माझं बोट ठेवलं. त्यांनी बोटाला पेन टेकवलं आणि तिथून सही केली.

बारा तारखेला काय ठरेल ते ठरेल. वहीची नोंद राहिली, ती करते.

काय केलं: विंडो पुन्हा लहान केली.

कोणी केलं: दमयंती.

का केलं: ह्यांना एवढंच दिसतं.